घरासाठी कोणती शिडी घ्यावी: बांबू, अ‍ॅल्युमिनियम, घोडा की फायबर?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घराला शिडी लागते ती धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर चढायला, घरातला पंखा-माळा गाठायला आणि अंगणातल्या शेवग्या-लिंबासाठी. एकच शिडी ही तिन्ही कामं नीट करत नाही. तेव्हा आपल्याकडे कोणतं काम जास्त निघतं ते आधी ठरवा, भाव नंतर विचारा.

धाब्यासाठी भिंतीला टेकवायची सरळ शिडीच हवी. घोडा शिडी म्हणजे उघडून स्वतःच्या चार पायांवर उभी राहणारी; तिच्या माथ्यावरून धाब्यावर पाय टाकायला गेलं की ती बाजूला कलंडते. सरळ शिडीही धाब्याच्या कडेपेक्षा ३ फूट वर निघालेली असावी, नाहीतर नेमकं वर पाऊल टाकताना धरायला काही राहत नाही. टेकवताना चार फूट उंचीला एक फूट अंतर ठेवा. कड १२ फुटांवर असेल तर शिडीचे पाय भिंतीपासून ३ फुटांवर येतात. हा हिशेब धरला तर १६ फुटी शिडी लागते. १२ फुटी घेऊन भागवू, असं म्हणू नका.

आता बांबू की अ‍ॅल्युमिनियम? बांबू स्वस्त आणि उन्हात फारसा तापत नाही. हा गुण आपल्याकडे मोठा आहे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारभर उन्हात राहिलेली अ‍ॅल्युमिनियमची शिडी धरवत नाही. चटका बसला की हात आपसूक सुटतो. पण बांबूचं दुखणं बाहेरून दिसत नाही. घुण आतून पोखरतो. शिडीखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला, तर ती शिडी चढायची राहिली नाही. पायऱ्यांच्या बांधण्या दर उन्हाळ्यात तपासायच्या आणि रंग अजिबात द्यायचा नाही, कारण रंगाखाली चीर झाकली जाते. एवढी निगा होणार नसेल तर रबरी बूट असलेली अ‍ॅल्युमिनियमची घ्या, सावलीत ठेवा आणि चढायचं काम सकाळी उरका.

कुरडया, पापड, बिबड्यांच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डोक्यावर परात, एका हातात साडीचा घोळ, आणि बाई शिडी चढते. शिडी कितीही भारी असली तरी चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, टेकलेलेच हवेत. परात वर न्यायला दोरीला बांधलेली घमेली किंवा वर उभा असलेला माणूस लागतो. धाबं रोजच्या वापरात असेल तर शिडीच्या पैशात भर घालून कठडा असलेला लोखंडी जिना करून घ्या; तेच खरं उत्तर.

घरातल्या कामाला मात्र घोडा शिडी. फरशीवर चारही पाय टेकतात, भिंतीचा आधार लागत नाही. पूर्ण उघडून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बसल्या की नाही ते बघा, आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहू नका. नळीसारखी आत सरकणारी टेलिस्कोपिक शिडी फ्लॅटमध्ये जागा वाचवते; धुळीच्या अंगणात तिचे खटके नीट बसेनासे होतात, म्हणून गावाकडे मी ती सुचवणार नाही.

विजेच्या कामाला अ‍ॅल्युमिनियम नकोच. ओला बांबूही वीज वाहून नेतो. फायबरची शिडी महाग आणि जड, पण कोरडी नि स्वच्छ असेपर्यंत या कामाला तीच बरी. खांबावरून घरात येणाऱ्या तारेजवळ मात्र तिच्याही भरवशावर जाऊ नका. तारेत गुंतलेल्या लिंबाच्या फांद्या छाटायच्या तर महावितरणला कळवून आधी पुरवठा बंद करून घ्यावा.

बागेसाठी वेगळी शिडी घेऊच नका, असं माझं मत आहे. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, टेकवलेली फांदी माणसासकट मोडते. पावसानंतर काळ्या मातीत एक पाय रुततो आणि शिडी तिरपी होते. शेंगा लांब बांबूच्या आकडीने आणि आंबे जाळीच्या काठीने जमिनीवरूनच निघतात.

दुकानात शिडीवर किती किलोचा भार चालतो ते लिहिलेलं वाचा. त्यात तुमच्या वजनासोबत हातातलं सामानही धरायचं. मग तिथेच दोन पायऱ्या चढून ती डुगडुगते का ते पाहा.