जुन्या बुलेटला टायर: रिब्ड की आधुनिक?

जुन्या बुलेट ३५० ला १९ इंची स्पोक चाकं, टायर ३.२५-१९ (रुंदी ३.२५ इंच, रिम १९ इंच). पुढचा जुन्या धाटणीचा रिब्ड, म्हणजे चाकाभोवती सरळ रेघा असलेला टायर गाडीला शोभतो, सरळ रस्त्यावर स्थिरही राहतो. पण काँक्रीटच्या लांब खाचेत त्याच्या रेघा अडकतात नि हँडल वळवळतं. ओल्या वळणावर तर भरवसा कमीच.

आधुनिक ९०/९०-१९ (रुंदी ९० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १९ इंच) टायरची कड गोलसर, रबर मऊ. पकड चांगली, झीज मात्र लवकर. मागे याहून रुंद टायर चढवला तर तो चेनकव्हरला घासू शकतो, म्हणून चाक हाताने फिरवून जागा तपासा. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी स्पोकच्या रिमला ट्यूब लागतेच, तीही नवी. रोज चालवायची असेल तर आधुनिकच घ्या. कुठलाही घ्या, बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.