कालस्फटिकाचा अभ्यास: दोन वाटा आणि निवड

स्पिनांच्या, म्हणजे इवल्या चुंबकांसारख्या वागणाऱ्या कणांच्या, समूहाला ठरावीक अंतराने स्पंद देत राहिले आणि प्रत्येक स्पंदाने ते अर्धा फेरा फिरले, तर दोन स्पंदांनंतर ते मूळ स्थितीत येतात, यात नवल नाही. नवल पुढे आहे. स्पंद मुद्दाम तोकडा ठेवून स्पिन १८०ऐवजी १७० अंशच फिरवले, तर एकट्या स्पिनची चूक साचत जाऊन लय बिघडते; मात्र परस्परांशी बांधलेला समूह योग्य परिस्थितीत दुप्पट आवर्तकाल सोडत नाही. यालाच कालस्फटिक म्हणतात.

अडचण उष्णतेची आहे. सतत चालना मिळणारी प्रणाली ऊर्जा शोषत जाते आणि अखेर तिच्यातली सारी रचना पुसली जाते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्याने म्हणूनच आधी उपकरण नव्हे, तर ही उष्णता रोखण्याचा उपाय निवडावा, असे मला ठामपणे वाटते.

पहिला उपाय बहुकण स्थानबद्धतेचा. स्पिनांच्या साखळीत पुरेसा विस्कळीतपणा (जागोजागी बदलणारी, यादृच्छिक विषमता) असला की ऊर्जा पसरू शकत नाही, आणि सुरुवातीची अवस्था कोणतीही असली तरी लय टिकते. २०२१ मध्ये गूगलच्या सिकॅमोर या क्वांटम प्रोसेसरवर २० क्युबिटांच्या (स्पिनांसारख्या वागणाऱ्या मूलभूत घटकांच्या) साखळीत हे तपासले गेले. तेथे प्रक्रिया उलट चालवून, बाहेरच्या गोंगाटाने झालेली झीज आणि प्रणालीची स्वतःची झीज वेगळी ओळखता आली, आणि मला या प्रयोगाचे हेच सर्वांत मोलाचे अंग वाटते. मात्र मोठ्या प्रणालीत ही स्थानबद्धता खरोखर टिकते का, हा वाद अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या उपायात विस्कळीतपणा लागत नाही. चालनेची वारंवारता पुरेशी वाढवली की तापण्याचा काळ घातांकी वेगाने लांबतो. मात्र सुरुवातीची अवस्था जपून निवडावी लागते आणि एकमितीय साखळीत दूरवर पोहोचणारी आंतरक्रिया हवी असते. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये २५ आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) साखळीवर २०२१ मध्ये हेच दिसले: ऊर्जा-वर्णपटाच्या, म्हणजे प्रणालीच्या शक्य ऊर्जांच्या पट्ट्याच्या, टोकाजवळची अवस्था टिकली, मध्याजवळची लवकर विरली.

हाताशी फक्त संगणक असेल, तर मी दुसरी वाट सुचवेन. १४ स्पिनांना १६,३८४ अवस्था असतात आणि त्यांचा पूर्ण मॅट्रिक्सच सुमारे ४ जीबी जागा घेतो. पहिल्या वाटेवर विस्कळीतपणाच्या शेकडो नमुन्यांसाठी ही आकडेमोड पुन्हा पुन्हा करून सरासरी काढावी लागते, तर दुसऱ्या वाटेवर वारंवारता बदलत मोजक्याच फेऱ्या पुरतात. तापण्याच्या काळाचा लॉगॅरिदम वारंवारतेसमोर मांडून सरळ रेषा येते का, ते पाहायचे.

प्रयोगच करायचा असेल, तर पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतले २०१८ चे काम आधी वाचावे. तेथे एनएमआरने (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने) ४, १० आणि ३७ स्पिनांच्या ताराकृती रेणूंमध्ये ही लय पाहिली गेली. रेणू मर्यादित असल्यामुळे ‘प्रावस्था’ (पदार्थाची स्वतंत्र अवस्था, ‘फेज’) हा शब्द तेथे काटेकोर अर्थाने लागू होत नाही, परंतु तोकड्या स्पंदापुढे समूह कसा ठाम राहतो ते तेथे स्पष्ट दिसते.