मावळा की सामुराई? संगणकाला विचारायचे तीन रस्ते

संभाजीनगरात आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दरसाल एक तरी पोरगं ‘मावळा विरुद्ध सामुराई’ घेऊन येतंच. विषय वाईट नाही. पण कोण जिंकेल हे संगणकाला विचारायचे रस्ते तीन, आणि तिन्हींची उत्तरं सारखी येतील असं नाही. म्हणून आधी रस्ता ठरवा.

पहिला फाशांचा, म्हणजे माँटे कार्लो पद्धत. ‘डेडलिएस्ट वॉरियर’ या अमेरिकी मालिकेने (२००९ ते २०११) हीच वापरली. शस्त्रांची मोजमापं घ्यायची, आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायचे आणि एक हजार लढती खेळवायच्या. तिसऱ्या पर्वात पाच हजार. हे एक्सेलमध्येही जमतं. मी वर्गात असं दाखवतो: प्रत्येक चकमकीत मावळ्याचा घाव बसण्याची शक्यता ५५ टक्के, सामुराईची ४५, आणि आधी पाच घाव घालेल तो जिंकला. मावळा ६२ टक्के लढती मारतो. आता ५५ चे ६० करा, मावळा थेट ७३ वर. पोरं टाळ्या पिटतात. अरे, पण ते ६० टाकले कोणी? मीच ना! सामुराईच्या कटाना तलवारीपेक्षा मावळ्याच्या दांडपट्ट्याला किती गुण जास्त द्यायचे हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्याच हातात.

आणखी एक गोम. हजारात ५२०-४८० आलं तर ती बरोबरीच धरा. तीसेक लढती निव्वळ नशिबाने इकडच्या तिकडे होतात. पाच हजार खेळवल्या की ही चूक तीन टक्क्यांवरून दीडच्या आत येते. मुळातला ५५ च चुकीचा असेल तर मात्र तो पाच हजार वेळा चुकतो.

दुसरा रस्ता लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरच्या सूत्रांचा, १९१६ चा. कागदावर दहा मिनिटांत होतो. तलवारीच्या झुंजीत एकाला एकच भिडतो, म्हणून दुप्पट शत्रूला पुरून उरायला शिपाई दुप्पट तरबेज हवा. बंदुका आल्या की अनेकांना एकावर नेम धरता येतो, तिथे चौपट. फौजेला ठीक, एकट्या गड्याला निरुपयोगी.

तिसरा ठिपक्यांचा, म्हणजे एजंट-बेस्ड मॉडेल. त्यासाठीचं नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रत्येक शिपाई एक ठिपका, त्याचे नियम त्याच्यापाशी: दमला की मंदावतो, शेजारचे पळाले की हाही पळतो, तहान लागली की पाण्याकडे वळतो. मेहनत भरपूर, चुका शोधताना जीव मेटाकुटीला येतो. तरी माझा कौल यालाच.

कारण आपल्या वैजापूरजवळचं पालखेड, फेब्रुवारी १७२८. निजामाचा तोफखाना नावाजलेला. फाशांच्या तक्त्यात गुण त्यालाच जास्त पडले असते. बाजीरावांनी तोफांसमोर छाती काढलीच नाही. घोडदळाने घेरलं, दाणापाणी तोडलं, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. ज्या तक्त्यात पाण्याचा रकानाच नाही, त्यात पालखेड येणार कुठून? देवगिरीचंही तसंच. १२९६ ला अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं सांगतात. तट आणि कडा यांचे आकडे भरून बसलात तर देवगिरी पडतच नाही. (मीठ मात्र ठिपक्यांनाही आपणहून सापडायचं नाही, ते तुम्हालाच घालावं लागेल.)

तेव्हा हातात दोनच आठवडे असतील तर फासे घ्या, पण तो आकडा ५० पासून ६० पर्यंत हलवून सगळे निकाल छापा. बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘हे ५५ कुठून आणलं?’ एक सत्र हाताशी असेल आणि कोड लिहायचा कंटाळा नसेल तर ठिपके. फक्त सुरुवात सामुराईपासून नको. त्याची नि मावळ्याची गाठ कधी पडलीच नाही, मग उत्तराचा ताळा लावणार कशाशी? पालखेडचा निकाल माहीत आहे. तुमच्या ठिपक्यांना आधी तो आणता येतोय का बघा, मग सामुराईला बोलवा.