कॉन्ट्रॅक्टला वेळेवर कोण उठवणार? स्वतःचा बॉट, कीपर सेवा, खुलं बक्षीस की साखळीतलंच शेड्युलिंग

इथेरियम आणि त्याच्या धाटणीच्या साखळ्यांवर (ब्लॉकचेनवर) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे साखळीवर ठेवलेल्या प्रोग्रामला, स्वतःचं घड्याळ नसतं. 'दर सोमवारी वाटप करा' असं कोडमध्ये लिहिलं, तरी कोणीतरी ट्रान्झॅक्शन पाठवून, गॅस (गणनेचं माप आणि त्याचं शुल्क) भरून ते फंक्शन कॉल केल्याशिवाय सोमवार येतो आणि जातो. ब्लॉकचा टाइमस्टॅम्प कॉन्ट्रॅक्टला वाचता येतो, पण त्यावर जागं होता येत नाही. म्हणून सगळ्या पर्यायांची तुलना दोन प्रश्नांवर येऊन थांबते: ते ट्रान्झॅक्शन कोण पाठवणार, आणि त्याने नाही पाठवलं तर नुकसान कोणाचं?

त्याआधी एक खात्री करून घ्या. शेड्युलिंगची खरंच गरज आहे का? बऱ्याचदा नसते. टप्प्याटप्प्याने मोकळे होणारे टोकन दरमहा ढकलण्यापेक्षा, माणूस काढायला येईल तेव्हा त्या क्षणापर्यंत किती मोकळे झाले ते मोजणं सोपं आणि स्वस्त. कंपाउंडसारखे कर्ज प्रोटोकॉलही प्रत्येकाच्या खात्यावर व्याज चढवत बसत नाहीत. ते एक निर्देशांक ठेवतात, आणि कोणी व्यवहार केला की मधल्या काळाचं व्याज त्यातच धरलं जातं. लिक्विडेशन (तारण अपुरं पडलेलं कर्ज तारण विकून वसूल करणं), लिलाव बंद करणं, ठरलेल्या किमतीला विक्री, मिळालेलं उत्पन्न पुन्हा गुंतवणं ही कामं मात्र अशी पुढे ढकलता येत नाहीत. खालची तुलना त्यांच्यासाठी.

स्वतःचा बॉट

सर्व्हरवर एक क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम), एक वॉलेट, एक नोडची (साखळी चालवणाऱ्या संगणकाची) जोडणी, एवढ्यावर सुरुवात होते. शुल्क फक्त गॅसचं आणि सर्व्हरचं. दिवसातून काही वेळा चालणारं आणि तासभर उशीर चालणारं काम असेल, तर यापेक्षा महागडं काही घेण्याचं कारण नाही.

बिघाड ठरलेल्या जागी होतात. पहिली जागा नॉन्स, म्हणजे वॉलेटच्या ट्रान्झॅक्शनचा अनुक्रमांक. कमी शुल्काचं एक ट्रान्झॅक्शन पेंडिंग राहिलं, की त्याच वॉलेटची पुढची सगळी त्याच्यामागे अडकतात. ते बदलायचं तर त्याच नॉन्सने नवं पाठवावं लागतं, आणि गेथ या सॉफ्टवेअरवर चालणारा नोड जुन्यापेक्षा किमान १० टक्के जास्त शुल्क असल्याशिवाय ते स्वीकारत नाही. दुसरी जागा शुल्काची मर्यादा. ऑगस्ट २०२१ पासून इथेरियमवर मूळ शुल्क (बेस फी, साखळीने ठरवलेला गॅसचा किमान दर) एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त १२.५ टक्के वाढतं. सलग सहा ब्लॉक पूर्ण भरले, की ते दुपटीच्या वर जातं. १२ सेकंदांच्या ब्लॉकने हा हिशोब ७२ सेकंदांचा. त्यामुळे कमाल शुल्क चालू मूळ शुल्काच्या किमान दुप्पट ठेवा. न लागलेला फरक तुमच्याकडेच राहतो.

तिसरी जागा चावीची. बॉटची प्रायव्हेट की (वॉलेटची गुप्त चावी) सर्व्हरवर असते, म्हणजे ती कधीतरी फुटेल असं धरूनच चालावं. कॉन्ट्रॅक्टच्या मालकाचं वॉलेट बॉटला कधीही देऊ नका. फक्त त्या एका फंक्शनचा अधिकार असलेलं वेगळं वॉलेट करा आणि त्यात काही दिवसांच्या गॅसपुरतेच पैसे ठेवा. खबरदारी म्हणून दोन सर्व्हर चालवणार असाल तर चाव्याही दोन ठेवा, नाहीतर नॉन्सची टक्कर होते. दुसऱ्याचा कॉल निरुपद्रवी ठरेल, हे कॉन्ट्रॅक्टने बघायचं.

आणि पाळत बॉटच्या प्रोसेसवर ठेवू नका. प्रोसेस मजेत चालू असते, लॉग लिहीत असते आणि ट्रान्झॅक्शन मात्र एकही पोचत नसतं. साखळीवर नोंदलेली शेवटच्या कामाची वेळ वाचा आणि ती ठरल्यापेक्षा जुनी झाली, की फोन वाजू द्या.

कीपर सेवा

कीपर सेवा म्हणजे ठरल्या वेळी तुमचं फंक्शन कॉल करून देणारं दुसऱ्यांचं नेटवर्क. चेनलिंक ऑटोमेशन २०२१ मध्ये 'कीपर्स' या नावाने आलं. नोंदवलेल्या कामाला तिथे अपकीप म्हणतात. रचना दोन फंक्शनची: चेक-अपकीप आणि परफॉर्म-अपकीप. पहिलं नोड साखळीबाहेर चालवून बघतात, त्याला गॅस लागत नाही. उत्तर 'हो' आलं की दुसरं साखळीवर चालतं. ट्रिगर तीन प्रकारचे: वेळ, तुमची अट किंवा एखाद्या कॉन्ट्रॅक्टने सोडलेला लॉग (घटनेची नोंद). वेळ क्रॉनच्या भाषेत आणि यूटीसीमध्ये द्यायची असते.

बॉटच्या तुलनेत इथे चावीची आणि नॉन्सची काळजी जाते. बदल्यात गॅसवर अधिभार बसतो आणि सेवेकडे आगाऊ भरलेली शिल्लक सांभाळण्याचं काम मागे लागतं. किमान पातळीखाली शिल्लक गेली, की काम निमूट थांबतं. पॉलिगॉनसारख्या साखळीवर ब्रिजने (दुसऱ्या साखळीवरून) आणलेला लिंक, म्हणजे शिल्लक भरायचा चेनलिंकचा टोकन, थेट चालत नाही, तो आधी ईआरसी-६७७ प्रकारात बदलून घ्यावा लागतो.

सगळ्यात खर्चिक चूक तुमच्याच कोडमध्ये असू शकते. परफॉर्म चाललं, पण चेकची अट त्याने बदलली नाही, तर चेक पुन्हा 'हो' म्हणतं आणि तेच काम शिल्लक संपेपर्यंत फिरत राहतं. दुसरी गोष्ट, परफॉर्म-अपकीप कोणालाही कॉल करता येतं असं धरा. अट आतमध्ये पुन्हा तपासा, किंवा तुमच्या अपकीपला मिळालेल्या फॉरवर्डरच्या (कॉल पोचवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या) पत्त्यापुरतंच ते उघडं ठेवा.

जेलॅटो या दुसऱ्या सेवेचा भर थोडा वेगळा. त्यांच्या वेब३ फंक्शन्समध्ये तपासणी टाइपस्क्रिप्टमध्ये लिहायची सोय आली. बाहेरच्या एपीआयवरून भाव किंवा मार्ग आणून, त्यावर ठरवून कॉल करायचा असेल, तर सॉलिडिटीतल्या (कॉन्ट्रॅक्टच्या भाषेतल्या) चेक फंक्शनपेक्षा हे बरंच सुटसुटीत. पण तो बाहेरचा डेटा खरा आहे की नाही हे साखळीवर कोणी तपासत नाही, त्यामुळे किमान किंमत, कमाल रक्कम असे अडसर कॉन्ट्रॅक्टमध्येच हवेत.

सेवा घेताना तिच्या आयुष्याचाही विचार करा. सोलाना साखळीवरची क्लॉकवर्क ही शेड्युलिंग सेवा २०२३ मध्ये बंद झाली. ओपनझेपेलिनने डिफेंडर ही आपली सेवा गुंडाळायचं ठरवून २०२५ च्या मध्यात नवी नोंदणी थांबवली, आणि बंद होण्याची तारीख १ जुलै २०२६ दिली. नामवंत सेवाही जातात. म्हणून कॉल कोण करू शकतो तो पत्ता बदलता येईल असा ठेवा. कॉन्ट्रॅक्टमध्ये कायमचा कोरून टाकलात, तर सेवेबरोबर कॉन्ट्रॅक्टही अडकेल.

खुलं फंक्शन आणि बक्षीस

इथे कोणाशीही करार नाही. जो कॉल करेल त्याला बक्षीस. लिक्विडेशनसाठी हाच मार्ग रुळला आहे, कारण बक्षीस मोठं असलं की बॉटवाल्यांना शोधावं लागत नाही.

कमजोरी नेमकी संकटात दिसते. १२ मार्च २०२० ला ईथरचा (इथेरियमच्या चलनाचा) भाव कोसळला, गॅस भडकला, आणि मेकरडाओ या कर्ज प्रोटोकॉलच्या लिलावात बोली लावणाऱ्या कीपरांचे बॉट त्या शुल्कावर टिकले नाहीत. लिलावात स्पर्धाच उरली नाही आणि काहींनी शून्य बोलीवर तारण उचललं. पुढे मेकरने उतरत्या किमतीचे लिलाव आणले, आणि लिलाव सुरू करणाऱ्याला ठरावीक रक्कम अधिक कर्जाच्या प्रमाणात हिस्सा, असं दुहेरी बक्षीस ठेवलं. स्थिर बक्षीस गॅस वाढला की अपुरं पडतं. टक्केवारीचं बक्षीस छोट्या खात्यांना न्याय देत नाही. वेळेनुसार वाढत जाणारं बक्षीस मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: कोणाला तरी परवडेल तिथे ते आपोआप थांबतं.

कॉल करणारा अनोळखी असल्याने दोन सापळे लक्षात ठेवा. ईव्हीएममध्ये (कॉन्ट्रॅक्ट चालवणाऱ्या इथेरियमच्या यंत्रणेत) आतल्या कॉलला उरलेल्या गॅसपैकी जास्तीत जास्त ६४ पैकी ६३ भागच मिळतो. कोणी मुद्दाम बेताचा गॅस दिला तर आतला कॉल गॅसअभावी पडतो, बाहेरचं फंक्शन मात्र उरलेल्या गॅसवर तग धरतं. आतली चूक तुम्ही ट्राय-कॅचने गिळत असाल, तर काम न होताच 'झालं' अशी नोंद होते आणि बक्षीसही जातं. दुसरा सापळा अदलाबदलीचा: टोकन विकणारा कॉल कधी येणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे किमान मिळकतीची अट नसेल तर सँडविच हल्ला (तुमच्या विक्रीच्या आधी आणि नंतर व्यवहार करून फरक लाटणं) ठरलेलाच.

साखळीतलंच शेड्युलिंग

काही साखळ्यांत ही सोय मुळातच आहे. इंटरनेट कॉम्प्युटरवर कॅनिस्टर (तिथलं कॉन्ट्रॅक्ट) स्वतः टायमर लावू शकतं आणि खर्च आपल्या सायकल्समधून (तिथल्या गॅसमधून) भरतं. मात्र कोड अपग्रेड केला की टायमर पुसले जातात. अपग्रेडनंतरच्या हुकमध्ये ते पुन्हा लावायला विसरलात तर कुठेही एरर न येता काम थांबतं. हेडेरा साखळीवर शेड्यूल केलेल्या ट्रान्झॅक्शनची मुदत ६२ दिवसांपर्यंत नेता येते, त्यामुळे वार्षिक काम एका फटक्यात लावता येत नाही. सबस्ट्रेट या साखळ्या बांधायच्या चौकटीचं शेड्युलर ब्लॉक क्रमांकावर चालतं. ब्लॉक मंदावले की वेळही सरकते.

बाहेरचा मध्यस्थ नको असेल तर हा पर्याय सर्वांत स्वच्छ. पण तुमचे वापरकर्ते आणि तरलता दुसऱ्या साखळीवर असतील, तर केवळ टायमरसाठी घर बदलू नका.

कुठलाही पर्याय घेतला तरी

शेवटची वेळ कशी नोंदवता ते बघा. 'शेवटची वेळ = आत्ता' लिहिलं की सरक जमा होते: ताशी काम दर वेळी ४० सेकंद उशिरा झालं तर दिवसात १६ मिनिटं. 'शेवटची वेळ + अंतर' लिहिलं, तर पाच तास बंद राहिल्यावर पाच कामं लागोपाठ सुटतात. शुल्क आकारणीला ते चालतं, खरेदीला नाही. टाइमस्टॅम्पला अंतराने भागून कालखंडाचा क्रमांक काढा आणि तो क्रमांक आधी झाला असेल तर परत फिरा. बहुतेक कामांना हेच बसतं.

यादीवर फिरणारा लूप असेल तर कुठवर आलो ते साठवून तुकड्यांत चालवा. डिसेंबर २०२५ पासून इथेरियमवर एका ट्रान्झॅक्शनला १,६७,७७,२१६ गॅसची मर्यादा आहे. ब्लॉकमध्ये जागा असली तरी त्यापुढे जाता येत नाही.

माझी निवड अशी. अंतर्गत हिशोबाची कामं: स्वतःचा बॉट. वापरकर्त्यांचे पैसे वेळेवर अवलंबून असतील तर आधी कीपर सेवा, आणि ठरल्या वेळेनंतर १५-२० मिनिटं काहीच झालं नाही तर तेच फंक्शन वाढत्या बक्षिसासह सगळ्यांना खुलं. लिक्विडेशन: पहिल्या क्षणापासून खुलं. टेस्टनेटवर (चाचणीच्या साखळीवर) तपासताना शिल्लक मुद्दाम संपवा, बॉट मुद्दाम बंद करा, आणि पहिली सूचना किती मिनिटांनी, कोणाकडे येते ते मोजा.