कामाचा नकाशा: भिंतीवर की संगणकावर?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं तांत्रिक ग्रंथालय मी सांभाळते. पुस्तकं थोडी, मानकं, ड्रॉइंग आणि चाचणी अहवालच ढीगभर. अशा ग्रंथालयात कोहासारखी ग्रंथालयाची संगणक प्रणाली बसवायच्या आधी कागद कुठून येतो, कोणाच्या हातून जातो, कुठे अडतो हे मांडून घ्यावंच लागतं. ते भिंतीवर चिठ्ठ्या लावून करायचं की संगणकावर, यात तुम्ही अडला असाल तर माझं मत आधीच सांगते: भिंतीपासून सुरुवात करा.

आम्ही खाकी कागद चिकटवून आडवे पट्टे आखले: ग्रंथालय, खरेदी, क्यूसी (गुणवत्ता तपासणी), मोल्डिंग (साचेकाम). वाट शोधायला घेतली आयएस 210 ची, म्हणजे ग्रे आयर्न कास्टिंगच्या मानकाची. 'दुरुस्तीपत्रक निघालं' अशी चिठ्ठी लावली आणि पुढची चिठ्ठी कोणालाच लिहिता येईना. क्यूसीला वाटायचं ग्रंथालय बघतंय, मला वाटायचं क्यूसी बघतंय. मानकं भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतात, त्यामुळे ज्याच्या त्याच्या संगणकावर आपापली प्रत. तेवढ्यात मोल्डिंगचे एक दादा म्हणाले, "ताई, आमच्याकडं लावल्याला तक्ता तर जुनाच हाय की."

संगणकावरच्या आकृतीपुढे ते बोलले असते असं मला वाटत नाही. तिथे माऊस एकाच्या हातात असतो, बाकीचे माना डोलावतात. शिवाय आकृती इतकी नीटस दिसते की मधली मोकळी जागा डोळ्यांत भरतच नाही.

पण भिंतीचं टिकत नाही. पावसाळ्यात चिठ्ठ्यांचा गोंद सुटतो. रोज फोटो काढून ठेवा. संगणकावर बदल लगेच होतो, जुनी आवृत्तीही राहते. बीपीएमएन 2.0 ही कामाच्या पायऱ्या आकृतीत दाखवायची चिन्हपद्धत 2011 पासून आहे. सॉफ्टवेअरवाल्याला त्याच चिन्हांत आकृती दिली की तोंडी समजावणं वाचतं. आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकात बाहेरून आलेल्या दस्तऐवजांवरही नियंत्रण लागतं, तेव्हा ऑडिटरपुढे ठेवायलाही हीच बरी. एक युनिट शिरोलीत, दुसरं कागलला असेल, तर मात्र पहिल्या दिवसापासून संगणकच घ्या.

आम्ही भिंतीवरचा नकाशा पक्का झाल्यावरच संगणकावर उतरवला. त्या मोकळ्या चिठ्ठीवर आता माझं नाव आहे: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमची यादी ब्यूरोच्या यादीशी ताडायची, आणि मोल्डिंगमधला जुना तक्ता स्वतः जाऊन उतरवायचा.