हीटिंग पॅड, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर : शेक झकास, टायमरने मात्र जीव खाल्ला

सर्व्हिस सेंटरवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, वायर वॉरंटीत येत नाही." म्हणून हे लिहायला घेतलं. हीटिंग पॅडमध्ये वायर सोडून असतं काय? वर मखमलीचं कव्हर, आत तापणारी तार आणि शेपटीला कंट्रोलर. मग एक वर्षाची वॉरंटी दिली कशाची, मखमलीची?

लो-मीडियम-हाय, धुता येणारं कव्हर, कमरेला बांधायचा पट्टा हे सगळं बॉक्सवर लिहिलेलं असतं, ते सोडते. मी मोठा साइझ घेतला, अकराशेच्या वर गेला. कारण एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार. डाव्या अंडाशयावर पाच सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ), आणि लॅप्रोस्कोपी, म्हणजे छोट्या छेदांतून दुर्बिणीने ऑपरेशन, करायची असं उन्हाळ्यातच ठरलं होतं. पण विमावाल्यांनी जुने रिपोर्ट मागितले, मग सर्जन बाहेरगावी गेले, तारीख दोनदा सरकली आणि अख्खा पावसाळा मी ऑपरेशनची वाट बघत काढला. दुखणं सवयीचं होतं. वाट बघणं नव्हतं.

आधी दुखण्याचं सांगते. शेकाने खरंच फरक पडतो. पाळीच्या दुखण्यावर पोटाला सतत हलकी ऊब दिली तर ती आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीस तोड काम करते, असा २००१ सालचा अभ्यास आहे. त्यातला पट्टा जेमतेम ३९ अंशांचा होता. म्हणजे 'हाय'वर भाजून घ्यायची गरजच नाही. एंडोमेट्रिओसिसचं मूळ शेकाने जात नाही, हे उघड आहे. (मूल झालं की आपोआप बरं होतं, हेही खरं नाही. आमच्याकडे हे वाक्य चहाबरोबर मिळतं.)

आता टायमर. हा पॅड दीड तासाने आपला आपण बंद होतो. होऊ दे, पण बंद झाल्याचं सांगत नाही! बीप नाही, काही नाही. निळा दिवा तसाच जळत राहतो. रात्री पोटावर घेऊन झोपावं, तीनच्या सुमारास थंडगार जाग यावी, आणि एकदा जाग आली की डोक्यात ऑपरेशन थिएटर सुरू. भूल उतरलीच नाही तर? पोट उघडावं लागलं तर? सिस्टबरोबर अंडाशयही काढलं तर? पुन्हा चालू करायला प्लग काढून परत लावायचा, आणि आमचा बोर्ड पलंगाच्या मागे. नवरा उठून लावून द्यायचा, पण त्याची झोप मोडली म्हणून मला वेगळा अपराधीपणा. पहिले काही आठवडे मी या टायमरला मनापासून शिव्या घातल्या.

मग मत थोडं बदललं. एका मैत्रिणीने सांगितलं की काळजीला दिवसातली एक ठरलेली वेळ द्यायची. मानसोपचारात ही पद्धत वापरतात. मी ती पॅडला जोडली. संध्याकाळी सातला पॅड लावायचा, शंभर पानी वही घ्यायची आणि जी जी भीती येईल ती प्रश्नाच्या रूपात लिहायची. पॅड गार झाला की वही बंद. रात्री तीनला काही सुचलंच तर "उद्या सातला" म्हणून पुढे ढकलायचं. दर वेळी जमलं नाही. पण "माझं काय होईल" यापेक्षा "सिस्ट काढल्यावर एएमएच किती घटेल" (एएमएच म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारं हार्मोन) हा प्रश्न कमी भीतीदायक वाटतो, कारण त्याला उत्तर देणारा माणूस असतो.

वही घेऊन सर्जनकडे गेले. संमतीपत्रातल्या "गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया" या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली होती. त्यांनी एमआरआय लावून दाखवलं, आतडं मोकळं आहे, कुठे चिकटलेलं नाही, त्यामुळे ती शक्यता माझ्या बाबतीत कमी. एएमएच सिस्ट काढल्यावर खाली येऊ शकतो, म्हणून आधी तपासून ठेवू, म्हणाले. भूलतज्ज्ञ मॅडमनी तर निम्मी भीती तिथेच घालवली. भूल देऊन त्या निघून जात नाहीत, शेवटपर्यंत डोक्याशी बसतात. ऑक्सिजन, नाडी, बीपी, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, सगळं पडद्यावर दिसत असतं. वॉर्डातल्या सिस्टरने "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" असं बजावलं होतं, तेही विचारून घेतलं. जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, असं त्यांनी फाइलवर लिहून दिलं. माझा घसा भीतीने कोरडा पडतो. मला त्या पाण्याचा आधार औषधाइतका वाटला.

त्याच तपासणीत पॅडची दुसरी बाजू कळली. सर्जननी पोट बघितलं आणि विचारलं, "शेक फार घेता का?" बेंबीच्या खाली तपकिरी डागांची जाळी उमटली होती, मासे पकडायच्या जाळ्यासारखी. रोज एकाच जागी ऊब घेतली की भाजलं नाही तरी असे डाग येतात. शेक थांबवला की बहुतेक वेळा हळूहळू फिकट होतात, असं ते म्हणाले. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही. मखमल कशी धुवायची यावर मात्र पान आहे. तेव्हा टायमर असावा, हे आता मान्य. बीप नसणं अजूनही अमान्य.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कंट्रोलरजवळ वायर गरम होऊन वास यायला लागला आणि पॅड गेला. नेमकी तेव्हाच मला त्याची सगळ्यात जास्त गरज होती. साताऱ्याहून आई आली ती रबरी गरम पाण्याची पिशवी घेऊनच. सातची वही त्या पिशवीवर पार पडली. पिशवी गार होताना कळते, हा तिचा मोठा गुण.

ऑपरेशनच्या सकाळचं एकच सांगते, कारण ते कोणी आधी सांगत नाही. अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो, आत विजेवर चालणारी उपकरणं वापरतात म्हणून. माझी जोडवी निघेनात. सिस्टरने साबणाचं पाणी घातलं, आईने बोट धरलं, मी ओढलं. या झटापटीत दहा मिनिटं घाबरायला वेळच मिळाला नाही. तुम्ही मात्र आदल्या रात्रीच काढून ठेवा. नेलपॉलिशही, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात.

ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं, अंडाशय राहिलं. नंतर टाक्यांपेक्षा उजवा खांदा जास्त दुखला. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे तसं होतं. डॉक्टरांना विचारून खांद्यावर पिशवी ठेवली, बरं वाटलं. टाक्यांजवळ शेक अजिबात नाही.

पॅडचं म्हणाल तर शेकाला पाचपैकी चार, टायमरला एक, सर्व्हिसला शून्य. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर कंपनीचा फोन आला, "सद्भावना म्हणून निम्म्या किमतीत नवा पॅड देतो." नवा म्हणजे तोच, तसाच, बीप नसलेला. मी बिलाची प्रत पुन्हा पाठवली आहे आणि पूर्ण पैसे मागितले आहेत. त्यांच्या निम्म्या किमतीत आईसारख्या दोन पिशव्या येतात, आणि वर रिक्षाचे पैसे उरतात.