मोटारीतला ओलावा आणि सिलिका जेलची पिशवी

मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीत कुबट वास येऊन काचा आतून धूसर होऊ लागतात. त्यावर उपाय म्हणून घेतलेली अर्ध्या किलोची, पुन्हा वापरता येणारी सिलिका जेलची (ओलावा शोषणाऱ्या मण्यांची) पिशवी मला समाधानकारक वाटली. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओलावा अधिक शोषतात हे खरे, परंतु त्यांत साठणारे खारे पाणी वळणावर सांडले तर सीटखालचे लोखंड गंजू शकते, म्हणून चालत्या मोटारीत मी ते ठेवणार नाही. सिलिका जेल कोरडेच राहते. किती ओलावा शोषला हे दाखवणाऱ्या दर्शक मण्यांचा नारिंगी रंग हिरवा झाला की पिशवी उन्हात किंवा उष्णता देऊन सुकवावी लागते, आणि ऐन पावसात ऊन कुठून आणायचे, ही तिची खरी अडचण आहे. कापडाला किती उष्णता सोसते, हे वेष्टनावर ठळक छापायला हवे होते.

तिच्याकडून अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकेच पाणी ती धरते, त्यामुळे दाराचे रबर फाटलेले असेल किंवा एसीची पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबून मॅट भिजत असेल, तर आधी ती दुरुस्ती करावी. गाडी चालवताना काच आतून धूसर झाली, तर एसी सुरू ठेवून बाहेरची हवा आत घेणे, हाच जलद उपाय आहे.